बालवाडी सुरू झाली ती कुणाच्या मुलांसाठी? ताराबाई मोडक, अनुताई वाघ आणि बोर्डी-कोसबाड

रानजाई

नर्सरीच्या प्रवेशांचा हंगाम आला की इथे दरवर्षी तेच धागे वर येतात. कुठली शाळा, फी किती, मुलाखतीत काय विचारतात. त्यात 'मराठी बालवाडी म्हणजे ज्यांना परवडत नाही त्यांची सोय' असा सूर सहज लागतो आणि तो मला टोचतो. आपल्या बालवाडीमागे शंभर वर्षांचा विचार आहे, आणि तो शिक्षणातल्या सर्वांत धाडसी विचारांपैकी एक आहे असं मला मनापासून वाटतं. तेवढं सांगायला हा धागा काढते आहे.

सुरुवात महाराष्ट्राबाहेर, भावनगरला होते. गिजुभाई बधेका हे पेशाने वकील. घरात मूल आलं तेव्हा त्याला कसं शिकवायचं या विचाराने त्यांनी इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मॉण्टेसरीबाईंचं लेखन वाचायला घेतलं, आणि त्यातून वकिलीच सुटली. १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली तिथे बालमंदिर सुरू झालं. छडी नाही, घोकंपट्टी नाही, परीक्षा नाही. त्या काळच्या शाळांची कल्पना केली तर हे किती वेगळं होतं ते कळेल. अडीच-तीन वर्षांच्या मुलालाही स्वतःची इच्छा असते, कामाची ओढ असते, ही गोष्टच तेव्हा मोठ्यांच्या हिशेबात नव्हती. गुजरातेत त्यांना 'मूछाळी मा' म्हणत, मिशीवाली आई.

तिथे १९२३ साली ताराबाई मोडक आल्या. जन्म मुंबईचा, १८९२ चा. १९१४ च्या पदवीधर. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचं प्राचार्यपद सोडून त्या गिजुभाईंबरोबर काम करायला आल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. 'शिक्षणपत्रिका' गुजरातीत निघत होती, ती ताराबाईंनी पुढे मराठीतही आणली. १९३६ साली मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झाला आणि बालशिक्षिका तयार करण्याचं कामही तिथे चालू झालं.

इथवरची गोष्ट थांबली असती तरी ताराबाईंचं नाव राहिलं असतं. दादरच्या मध्यमवर्गाला शिशुविहार पटला होता. पण तिथे येत होती ती शिकलेल्या आईबापांची मुलं. खेड्यातलं मूल, त्यातही ज्याचे आईबाप दिवस उगवायच्या आत दुसऱ्याच्या शेतावर जातात असं मूल, या सगळ्यात कुठेच नव्हतं. हे त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, त्या ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डीला गेल्या आणि ग्रामबालशिक्षा केंद्र काढलं. त्याच वर्षी बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर होतं. तिथे त्यांना अनुताई वाघ भेटल्या. लहानपणीच वैधव्य आलेली, स्वतःच्या हिमतीवर शिकून शिक्षिका झालेली बाई. अनुताई बोर्डीला आल्या आणि १९९२ मध्ये गेल्या तोवर त्या कामातच राहिल्या.

बोर्डीत पहिला धक्का बसला तो हा, की बालवाडी उघडली म्हणून मुलं येत नाहीत. मोठी पोर धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर फिरणार, जरा मोठा झालेला गुरांमागे जाणार, कुणी लाकूडफाटा वेचणार. त्यावर ताराबाईंनी काढलेला मार्ग साधा होता. मूल येत नाही ना, मग आपण त्याच्या दारात जायचं. ताई सकाळी पाड्यावर जायची, एखादं अंगण झाडून घ्यायची, मुलं गोळा करायची. आधी हातपाय धुणं, नखं, केस. मग गाणी, गोष्ट, शिंपले-खडे-बिया मांडणं. अंगणवाडी ती हीच, सरकारी योजना येण्याच्या किती तरी आधीची.

इथे एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मुलांना न्हाऊमाखू घालणं हे ताराबाई-अनुताईंच्या लेखी शिक्षणाआधीचं हलकं काम नव्हतं, शिक्षणातच होतं. केसांतून फणी फिरताना ताई मुलाशी बोलते, अवयवांची नावं येतात, पाणी गरम की गार ते कळतं, आणि कुणीतरी आपल्याला हात लावतंय तो मारायला नाही, हेही कळतं. सांभाळणं आणि शिकवणं यांची आपण पुढे जी फाळणी केली, ती तिथे नव्हती.

बाकीच्यांनी भर घालावी. डहाणू-पालघरकडचं कुणी असेल तर फार बरं.

पाटीपेन्सिल

सुंदर धागा. थोडं मागे जाऊन लिहितो.

युरोपात 'किंडरगार्टन' हे नाव फ्रीडरिश फ्रोबेलने १८४० साली दिलं. संस्था त्याआधी, १८३७ मध्ये, जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग गावी सुरू झाली होती. लोकरीचा चेंडू, मग लाकडी गोल, घन, दंडगोल अशा क्रमाने मुलाच्या हाती वस्तू द्यायच्या आणि खेळातून त्याला जगाची घडण उमगू द्यायची, अशी त्याची मांडणी. आज हे निरुपद्रवी वाटतं, पण १८५१ साली प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. नास्तिक आणि समाजवादी विचार पसरवणारी संस्था असा ठपका होता, त्यात फ्रोबेलच्या पुतण्याच्या लिखाणाची सरमिसळही झाली होती. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली १८६० मध्ये. लहान मुलांना मोकळेपणी खेळू देण्याची सत्तेला भीती वाटली, ही नोंद मला महत्त्वाची वाटते.

आणि याचा धागा मराठी मुलखाशी गिजुभाईंच्या कितीतरी आधी जुळतो. पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. तिथे राहून त्यांनी किंडरगार्टनचं रीतसर शिक्षण घेतलं. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा ही पद्धत त्यांच्या योजनेत होती. विधवांना स्वतःच्या पायावर उभं करायचं आणि बालशिक्षिका हा त्यासाठी एक सन्मानाचा पेशा, असा त्यांचा विचार. रमाबाईंच्या धर्मांतरावर आपल्याकडे इतकं बोललं गेलं की त्यांचं हे काम झाकलंच गेलं. विधवा बाई आणि लहान मुलाचं शिक्षण ही जोडी पुढे अनुताईंच्या रूपाने पुन्हा दिसते.

तिवर

आमचं गाव डहाणू तालुक्यातलं, म्हणून लिहितो.

रानजाई, १९४५ हे साल आमच्याकडे दुसऱ्या कारणाने जास्त ठाऊक आहे. उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध बंड केलं ते याच वर्षी. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेतर्फे पाड्यापाड्यांतून फिरत होते. मे महिन्यात झरीला परिषद झाली, वेठ करायची नाही असं ठरलं. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, माणसं गेली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघं सावकाराकडे राबायची, असा तो काळ. म्हणजे ताराबाई ज्या पाड्यांवर गेल्या तिथल्या मुलांचे आईबाप याच काळात 'आम्ही कुणाचे गडी नाही' म्हणून उभे राहत होते. दोन्ही कामांच्या वाटा वेगळ्या होत्या, विचारही वेगळे. पण मला ही गोष्ट एकत्रच वाचावीशी वाटते. बापाची वेठ सुटल्याशिवाय पोराला बालवाडीत बसायची उसंत मिळणार नव्हती.

बोर्डीहून काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं ते १९५६-५७ च्या सुमारास. कोसबाडला झालेल्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

एक विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. कारण उघड आहे: आठ वर्षांची मुलगी शाळेत यायची तर तिच्या कडेवरचं भावंड कुठे ठेवायचं? ते पाळणाघरात, मधलं बालवाडीत, आणि ती स्वतः वर्गात. मुलींची गळती या विषयावर आज जे अहवाल निघतात त्यातला अर्धा प्रश्न या एका रचनेत धरला होता.

दुसरी कुरणशाळा. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत, तर गुरुजींनीच कुरणावर जायचं. झाडाखाली वर्ग, गुरं चरताहेत, आणि मोजणीला समोरचीच गुरं, दगड, पानं. ज्यांना दिवसा जमायचं नाही त्यांच्यासाठी रात्रीची शाळा.

साधनांबद्दल रानजाईंनी शिंपले-खडे लिहिलंच आहे. त्यात चिंचोके, करवंट्या, ताडाची पानं, बांबूचे तुकडे, माती घाला. ही साधनं फक्त स्वस्त म्हणून नव्हती. करवंटी फुटली तर ताई ओरडत नाही, दुसरी आणते. महागडं साधन कपाटात कुलपात राहतं, हे मी अनेक शाळांत पाहिलं आहे.

कोवळं_ऊन

वाचते आहे, फार माहिती मिळाली. एक विचारायचं होतं. मॉण्टेसरी म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर चकचकीत फर्निचर आणि लाखाच्या घरातली फी येते. मग गिजुभाई-ताराबाईंनी घेतलेली मॉण्टेसरी आणि ही, एकच का?

रानजाई

कोवळं_ऊन, चांगला प्रश्न. मूळ मॉण्टेसरी गरिबांच्याच वस्तीतली. ६ जानेवारी १९०७ ला रोममधल्या सान लोरेन्झो भागात पहिलं बालगृह उघडलं. कामगारांच्या चाळी होत्या. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुलं जिने-भिंती खराब करतात, ही घरमालकांची तक्रार. त्यासाठी या मुलांना एका खोलीत कुणीतरी सांभाळावं म्हणून डॉ. मारिया मॉण्टेसरींना बोलावलं गेलं. त्या डॉक्टर होत्या आणि मतिमंद ठरवलेल्या मुलांसाठी त्यांनी आधी काम केलं होतं. त्या मुलांसाठी वापरलेली साधनं त्यांनी इथे आणली आणि शांतपणे पाहत राहिल्या. मूल एकच ठोकळा पुनःपुन्हा काढतं-घालतं, कुणी बक्षीस दिलं तर ते बाजूला ठेवून कामाला लागतं, हे त्यांनी टिपलं. पुढचं सगळं या निरीक्षणावर उभं आहे.

१९३९ च्या नोव्हेंबरात त्या मद्रासला अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत प्रशिक्षण द्यायला आल्या. थोडेच महिने राहायचं होतं, पण १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इटालियन नागरिक म्हणून त्यांना इथेच अडकून पडावं लागलं. मुलगा मारिओ याला स्थानबद्ध केलं होतं, त्याला त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी सोडलं. युद्धाच्या वर्षांतला काही काळ त्या कोडाईकनालला होत्या. त्या १९४६ पर्यंत इथे होत्या आणि पुढे पुन्हाही आल्या. देशभरातल्या शेकडो शिक्षकांनी त्यांच्याकडे प्रशिक्षण घेतलं.

गिजुभाई मात्र १९३९ च्या जूनमध्येच वारले होते. म्हणजे ज्यांच्या विचाराने त्यांचं आयुष्य बदललं त्या बाई भारतात पोचल्या तेव्हा ते नव्हते. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं.

फरक विचाराल तर असा. मॉण्टेसरींची साधनं अचूक मापाची, ठरावीक क्रमाने वापरायची. गिजुभाईंनी त्यात गोष्टी, नाटक, लोकगीतं भरभरून आणली. ताराबाईंनी पुढचं पाऊल टाकलं: साधन बदललं, जागा बदलली, तत्त्व ठेवलं. मूल स्वतः करून शिकतं, मोठ्यांनी पाहावं आणि वाट द्यावी. हे असेल तर चिंचोक्यांनीही मॉण्टेसरी होते, आणि हे नसेल तर आयात केलेल्या लाकडी साधनांनीही होत नाही.

सुकडी

मी सेवानिवृत्त मुख्यसेविका. अंगणवाड्यांवर देखरेख करण्यात नोकरी गेली. सरकारी बाजू मी सांगते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. आपल्या राज्यात पहिले प्रकल्प धारणीला आणि धारावीला. एकीकडे मेळघाट, दुसरीकडे मुंबईची झोपडपट्टी. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, त्यांना हे बघायला मिळालं नाही. अनुताईंना मिळालं. नाव त्यांच्याच कामातलं, अंगणवाडी. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत.

योजनेत सहा सेवा: पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात पाठवणं), मातांना आरोग्य-आहाराचं शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. शेवटचं नाव वाचा. कागदावर ते पहिल्या दिवसापासून आहे. पण वरून विचारणा होते ती वजनाची, आहाराची, लसीची. सॅम (तीव्र कुपोषित) मुलं किती, मॅम (मध्यम कुपोषित) किती, घरपोच आहार वाटला का. 'मुलांनी आज कोणतं गाणं म्हटलं' असं मला वरच्या कुठल्याही बैठकीत विचारलं गेलं नाही. जे मोजलं जात नाही ते हळूहळू मागे पडतं. यात सेविकेचा दोष नाही. तिच्याकडे पोषण ट्रॅकर हे नोंदींचं मोबाइल अ‍ॅप आहे, गरोदर बायांच्या भेटी आहेत, सर्वेक्षणं आहेत, निवडणुकीची कामं आहेत.

आणि कुपोषणाचं काम मोठं नाही असं कुणी म्हणू नये. धारणीसारख्या भागात वजनकाट्याने जीव वाचवले आहेत. भुकेल्या पोराला गाणं सुचत नाही. पण पोट भरल्यावर त्याच्याशी बोलायला ताईकडे वेळ उरला पाहिजे ना?

ही बाई आजही मानधनावर आहे, पगारावर नाही. ग्रॅच्युइटीचा हक्क तिला मिळतो हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावं लागलं. २०२३ च्या डिसेंबरात आपल्या राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या तेव्हा अनेकांनी विचारलं, खिचडी वाटायला किती पैसे हवेत. तीन ते सहा वयातल्या मुलाला घडवणारी शिक्षिका म्हणून तिच्याकडे कुणी पाहतच नाही.

चाकणकर

सगळ्यांचं वाचलं. मनापासून लिहितो, राग मानू नये.

मी स्वतः अंगणवाडीत सुकडी खाऊन वाढलो. आई खुरपायला जायची. अंगणवाडी नसती तर मी बांधावर झोळीत असतो. त्या ताईंचे उपकार विसरणार नाही. पण माझी मुलगी इंग्रजी शाळेच्या ज्युनिअर केजीत आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. आम्ही दोघं कंपनीत कामाला. अंगणवाडी दुपारी सुटते, पुढे काय? आणि दुसरं, इंग्रजी आलं नाही म्हणून मी मुलाखतींत मागे पडलो आहे. ते तिच्या वाट्याला येऊ नये एवढंच मला वाटतं.

गरिबाच्या मुलाला चिंचोके आणि गाणी, शहाण्यांच्या मुलांना एबीसीडी, असं आम्हाला वाटणं साहजिक आहे. खेळातून शिक्षण चांगलं असेल तर ते पैसेवाल्यांच्या शाळांत आधी दिसू दे.

पाटीपेन्सिल

चाकणकर, तुमचा शेवटचा मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि गंमत नाही, खरंच तसं आहे: सर्वांत महागड्या शाळांत हल्ली तीन वर्षांच्या मुलांना लिहायला लावत नाहीत. माती, पाणी, गोष्टी, चित्रं. लिहायला लावतात त्या मधल्या शाळा, कमी फी, एका वर्गात खूप मुलं, आणि वही भरलेली दिसली तरच पालकांना पैसे वसूल वाटतात. खेळ हा श्रीमंतांचा हक्क आणि घोकंपट्टी कष्टकऱ्यांच्या वाट्याला, असं झालं आहे. ताराबाई बोर्डीला गेल्या त्या नेमकं हेच मोडायला.

तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडंही पुरती तयार झालेली नसतात. माती मळणं, मणी ओवणं, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणं ही लेखनाचीच तयारी आहे. भाषेचंही तसंच. ज्या भाषेत मूल घरी भांडतं, रडतं, हट्ट करतं, त्या भाषेत ते भरपूर बोललं तर दुसरी भाषा पुढे नीट येते. इंग्रजी शिकू नये असं मी म्हणत नाही, पण वर्गात जिथे मुलाला गप्प बसावं लागतं तिथे कुठलीच भाषा येत नाही.

कायद्याचंही सांगतो. महाराष्ट्राने १९९६ सालीच पूर्वप्राथमिकच्या प्रवेशांचं नियमन करणारा कायदा केला. पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी नेमलेल्या राम जोशी समितीच्या कामानंतरचा. मुलाखती बंद व्हाव्यात हा त्यामागचा हेतू. तरी मुलाखती 'संवाद' या नावाने चालू आहेत. माझ्या भाच्याची झाली, तीन वर्षांचा होता, आईला सोडून एकट्याला आत नेलं.

आणि मोठी खोच राज्यघटनेत आहे. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झालं ते सहा ते चौदा वयासाठी. सहाच्या आतल्यांसाठी ४५ व्या कलमात 'राज्य प्रयत्न करील' एवढंच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही त्यांच्याबद्दल शासन 'व्यवस्था करू शकेल' इतकीच भाषा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला, हे चांगलं झालं. पण धोरण वेगळं आणि हक्क वेगळा.

तिवर

चाकणकरांच्या वेळेच्या मुद्द्यावर. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवर मोबाइल क्रेशेस सुरू केलं, पुढे मुंबईतही आलं. आई विटा वाहते आणि बाळ तिथेच धुळीत, हे पाहून. आईची पाळी असेल तेवढा वेळ मूल सांभाळायचं, आणि बांधकाम संपलं की पाळणाघरही पुढच्या जागेवर हलवायचं. बोर्डीचं अंगण आणि हे, मला एकाच घराण्यातले वाटतात. चाकणच्या कारखान्यांभोवती दोन-दोन पाळ्यांत राबणारी जोडपी आहेत. विकासवाडीसारखं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र तिथे का नको?

सुकडी

तिवर, मी याला शंभर टक्के अनुमोदन देते. चाकणकर, पूर्णवेळ अंगणवाडी ही सेविका संघटनांचीही चर्चेतली गोष्ट आहे, पण एकाच सेविकेवर ती टाकून चालणार नाही. एक ताई मुलांसाठीच आणि एक बाहेरच्या कामांसाठी, अशी दोन माणसं हवीत.

कोवळं_ऊन

मला यातलं काही वाचायचं असेल तर सुरुवात कुठून करू? आणि आमच्या सोसायटीमागच्या वस्तीत अंगणवाडी आहे, तिथे काही करता येईल का?

रानजाई

अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' आधी घ्या. मग गिजुभाईंचं 'दिवास्वप्न', ते चौथीच्या वर्गाबद्दल आहे पण वृत्ती तीच. आजचं काम बघायचं असेल तर डहाणूजवळ ऐन्याला ग्राममंगल आहे, १९८२ पासून, अनुताई आणि रमेश पानसे यांनी सुरू केलेलं.

अंगणवाडीबद्दल सुकडीताईच नीट सांगतील.

सुकडी

आधी ताईंना भेटा आणि त्यांना काय हवं ते विचारा. आपण ठरवून खेळणी नेऊ नका, ती कपाटात जातात. बहुतेक ठिकाणी एका गोष्टीची गरज असते: आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, गोष्ट सांगायला येणारं माणूस. मोठ्या चित्रांची पुस्तकं, जमिनीवर बसायचं, आणि तीच गोष्ट पुन्हा मागितली तर पुन्हा सांगायची. तेवढ्या अर्ध्या तासात ताईंची नोंदवही भरून होते आणि पुढच्या तासाला त्या मुलांत बसू शकतात. सकाळी अकराच्या आत जा, नंतर आहाराची गडबड असते.

चाकणकर

रविवारी अंगणवाडी नसते, पण माझी दुसरी पाळी असते त्या आठवड्यात सकाळी मोकळा असतो. आमच्या वस्तीतल्या ताईंना विचारतो. सुकडीताई, पुस्तकं कोणती न्यायची ते इथेच लिहाल का?